मदत हवी आहे: डॉकबुकमधून पीडीएफ काढताना शीर्षकांच्या जागी # चिन्हं येतात

नमस्कार मंडळी,

आमची मराठी माहितीपुस्तिका बरीच वर्षं वर्डमध्ये होती. मधे कुणी एखादं पान घातलं की 'पान ४७ पाहा' छापाचे हाताने टंकलेले सगळे संदर्भ चुकायचे. शेवटी वैतागून ती डॉकबुक ५ मध्ये (पुस्तकं टॅग लावून लिहायची एक्सएमएल पद्धत) आणली. टॅग लावता लावता बोटं झिजली, पण आता 'एक्सरेफ' या संदर्भाच्या टॅगमध्ये प्रकरणाचा आयडी दिला की क्रमांक त्याचा तो येतो.

एचटीएमएल झकास निघतं. घोडं अडलंय पीडीएफपाशी. एक्सएसएलटीप्रॉक या साधनाने, स्टाइलशीट (रूपांतराचे नियम) लावून, एफओ फाइल (पानांच्या मांडणीचं वर्णन) काढतो आणि ती पीडीएफ बनवणाऱ्या अपाचे एफओपीला देतो. पहिल्यांदा अख्खी पुस्तिका #### अशी आली, जणू पानोपानी शिव्या छापल्यात. मग एफओपीच्या कॉन्फिग फाइलमध्ये नोटो सेरिफ देवनागरी हा फॉन्ट नोंदवला आणि स्टाइलशीटच्या 'बॉडी डॉट फॉन्ट डॉट फॅमिली'ला तेच नाव दिलं. मजकूर आला, जोडाक्षरंसुद्धा नीट. पण प्रकरणांची शीर्षकं आणि कोडमधल्या मराठी टिपा अजून #### च! शीर्षकातले रोमन शब्द तेवढे व्यवस्थित दिसतात.

एक्सएमएल वैध आहे, एक्सएमएललिंट या तपासणीच्या साधनाने तपासलं. फॉन्टचा पाथ बरोबर नसता तर मजकूरही आला नसता. मग राहिलं काय? ('वर्डच बरं होतं' हा सल्ला घरून मिळालाय, इथे नको.)

---

उत्तर: शीर्षकं बॉडीचा फॉन्ट घेत नाहीत. त्यांच्यासाठी 'टायटल डॉट फॉन्ट डॉट फॅमिली' आणि कोडसाठी 'मोनोस्पेस डॉट फॉन्ट डॉट फॅमिली' अशी वेगळी पॅरामीटर आहेत. तुम्ही ती न दिल्यामुळे एफओपी पीडीएफचे ठरलेले हेल्व्हेटिका आणि कूरियर वापरतोय. त्यांत देवनागरी नाही, आणि जे अक्षर फॉन्टमध्ये नाही तिथे एफओपी # टाकतो. कन्सोलवर 'ग्लिफ नॉट अव्हेलेबल' (अक्षराची आकृती फॉन्टमध्ये नाही) अशा सूचना आल्या असतील, त्या वाचत जा. कोडसाठी दोन नावं स्वल्पविराम देऊन लिहा, आधी कूरियर, मग देवनागरी फॉन्ट. शीर्षकं ठळक हवीत तर बोल्ड फाइलही कॉन्फिगमध्ये वेगळी नोंदवा.

---

मूळ धागाकर्ता: आली! सूचना शेकड्याने येत होत्या, म्हणून मी त्या सरळ फाइलीत वळवून ठेवल्या होत्या आणि ती फाइल कधी उघडलीच नाही. आता कोडमधल्या लांब मराठी टिपा समासाबाहेर जाताहेत. तूर्त टिपा तोडून दोन ओळींत लिहितोय. ओळ आपोआप मोडायची काही सोय आहे का?