मदत हवी आहे: इंग्रजी 'ऑ'ला (awe) मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी,

शाळकरी मुलांसाठी खगोलशास्त्रावरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणतेय. त्यात वंडर, अमेझमेंट, अ‍ॅस्टॉनिशमेंट आणि ऑ हे चारही शब्द येतात, आणि शब्दकोश चौघांनाही आश्चर्य, विस्मय, अचंबा यांतच फिरवतो.

पहिले तीन लागले. अमेझचं नातं मेझशी, म्हणजे भूलभुलैयाशी. तिथे 'चक्रावून जाणं' बसतं. अ‍ॅस्टॉनिशच्या मुळाशी लॅटिनमधला मेघगर्जनेचा धातू आहे, म्हणून 'थक्क' किंवा 'अवाक'. वंडर नाम असेल तर नवल, पण क्रियापद झालं की आश्चर्य मागे पडतं आणि कुतूहल पुढे येतं: 'आय वंडर व्हाय' म्हणजे 'का बरं असेल?' आणि 'आय वंडर इफ यू कुड हेल्प' ही तर निव्वळ अदब. 'नो वंडर'ला आपलं 'त्यात नवल ते काय' चपखल.

अडलंय ते ऑपाशी. वाक्य असं: 'वुई स्टुड इन ऑ बिफोर द मिल्की वे.' हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला, तिथे त्याचा अर्थ भीती, धाक. ऑफुल आणि ऑसम दोन्ही त्याचेच. एक 'भयंकर वाईट'वर गेला, दुसरा 'झकास'वर. २००३ साली डॅकर केल्टनर आणि जोनाथन हाइट या मानसशास्त्रज्ञांनी या भावनेचे दोन घटक मांडले: समोरच्या गोष्टीची विशालता, आणि ती आपल्या आजवरच्या समजुतीत न मावणं. मला नेमकं हेच मुलांपर्यंत पोचवायचंय.

'भारावून गेलो' लिहून पाहिलं, पण त्यात भीतीचा लवलेश नाही. 'स्तिमित' अर्थाने जवळचा, पण बारा वर्षांचं मूल तिथे अडखळेल. 'आदरयुक्त भीती' माणसाविषयी वाटते, आकाशगंगेविषयी नाही. काही सुचतंय का?

प्रतिसाद
ताई, गीतेचा अकरावा अध्याय बघा. विश्वरूप पाहून अर्जुन म्हणतो, 'हृषितोऽस्मि दृष्ट्वा भयेन च प्रव्यथितं मनो मे'. हर्ष आणि भय एकाच ओळीत, तुमचा ऑ तो हाच. त्याला एका शब्दात पकडायचा हट्ट सोडा. आपल्याकडे 'अंगावर काटा येणं' भीतीलाही चालतं आणि भव्य काही पाहिल्यावरही. 'आकाशगंगा बघताना अंगावर काटा आला आणि आम्ही नुसते बघत राहिलो' असं लिहा.

धागाकर्ती
वा! 'नुसते बघत राहिलो' तर फारच आवडलं, घेतेच. पण पुढच्याच परिच्छेदात 'सेन्स ऑफ ऑ' असं नाम आहे. तिथे काटा कसा बसवू?

प्रतिसाद
तिथे बेलाशक 'विस्मय' ठेवा. नवरसांतल्या अद्भुत रसाचा स्थायीभावच, म्हणजे मूळ भावनाच, तो. आधीच्या वाक्यात काटा येऊन गेलेला असेल, तर मुलांना शब्दकोश उघडावा लागणार नाही.