खासदारांचं पर्यावरणावरचं संसदेतलं काम तपासायचं कसं?

घाटमाथा

आमच्या पर्यावरण गटाला खासदारांच्या कामाचं दोन पानी टिपण करायचं आहे. विषय हवामान बदल, जंगल, नद्या आणि हवा. काळ सतराव्या लोकसभेचा, म्हणजे जून २०१९ ते फेब्रुवारी २०२४. मतदारसंघ सह्याद्रीलगतचा आहे. संसदेच्या कामाच्या नोंदी ठेवणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या पानावर हजेरी, प्रश्न, चर्चा आणि खासगी विधेयकं (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली) यांचे आकडे मिळाले, पण त्यातलं पर्यावरणाचं किती ते कळत नाही. पर्यावरण मंत्रालयाला विचारलेले प्रश्न मोजले तर ते फारच थोडे निघाले. एवढ्यावरून 'काम नाही' असं लिहिणं बरोबर ठरेल का? नेमकं काय मोजायचं आणि कुठे शोधायचं?

वहीतली नोंद

नाही, एवढ्यावरून तसं लिहू नका. फक्त पर्यावरण मंत्रालय पाहिलं तर निम्मं काम नजरेआड राहतं, कारण हा विषय बऱ्याच मंत्रालयांत वाटलेला आहे. उष्णतेच्या लाटा, वादळं आणि पावसाचे अंदाज पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडे. नदी आणि भूजल जलशक्तीकडे. सौर पंप आणि छतावरची सौर वीज नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाकडे, औष्णिक वीज केंद्रांचे प्रश्न बहुतेक वेळा ऊर्जा मंत्रालयाकडे. पीक विमा कृषीकडे, दरड आणि पुराची मदत गृह मंत्रालयाकडे, शहरातला घनकचरा गृहनिर्माण व नागरी व्यवहारकडे. या सगळ्यांतून चाळणी लावा.

शोधायची जागा संसद डॉट इन. लोकसभा, मग प्रश्न, मग सदस्याचं नाव. मंत्रालयाची खिडकी मोकळी ठेवा आणि एकेक अधिवेशन घेऊन सगळी यादी उतरवून काढा. त्यानंतर शीर्षकं वाचून पर्यावरणाचे प्रश्न वेगळे करा. नुसता 'क्लायमेट चेंज' हा शब्द शोधून भागत नाही. शीर्षकं 'फ्लाय अॅश', 'सीआरझेड' (किनारा नियमन क्षेत्र), 'इको सेन्सिटिव्ह झोन' (पर्यावरण संवेदनशील क्षेत्र), 'लँडस्लाइड', 'रिव्हर पोल्यूशन' अशी असतात, आणि शोधपेटीत ती इंग्रजी लिपीतच टाकावी लागतात. उत्तराची पीडीएफ शेवटच्या पानापर्यंत उघडा. मुख्य उत्तर बहुधा योजनांची जंत्री असतं. राज्यवार तक्ता परिशिष्टात दडलेला असतो आणि खरा माल तिथेच असतो.

प्रश्नांपुरतं थांबूही नका. नियम ३७७ खालची, म्हणजे प्रश्नोत्तरांबाहेर एखादा मुद्दा सभागृहापुढे मांडणारी, निवेदनं पाहा. एका सदस्याला आठवड्याला एक मिळतं, मजकूर २५० शब्दांपर्यंत. स्थानिक मागण्या याच वाटेने जास्त जातात. शून्य प्रहरातलं (प्रश्नोत्तराच्या तासानंतर तातडीचे मुद्दे मांडायच्या वेळेतलं) बोलणं आणि अर्थसंकल्पावरचं भाषण चर्चांच्या नोंदीत सापडेल. खासदार मराठीत बोलले असतील तर छापील कामकाजात बहुधा भाषांतर असतं आणि मूळ भाषण मराठीत झाल्याची टीप असते. ते अवतरण चिन्हात त्यांचे शब्द म्हणून छापू नका, चित्रफितीशी ताडून घ्या.

शेरा

वर शोधायचं सांगितलं आहे, मी मोजताना होणाऱ्या चुका सांगते.

लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. तारांकिताला मंत्री उभं राहून उत्तर देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर. सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते आणि क्रम सोडतीने ठरतो. म्हणून 'तारांकित प्रश्न कमी' हा दोष खासदाराच्या माथी मारता येत नाही. शिवाय तारांकित यादीतले पहिले काहीच तोंडी होतात, तासाभरात बाकीच्यांची पाळीच येत नाही आणि त्यांची उत्तरं लेखी स्वरूपात सभागृहापुढे, म्हणजे पटलावर, ठेवली जातात. पूरक प्रश्न खरंच विचारला गेला का, हे त्या दिवसाच्या कामकाजातच दिसतं.

दुसरी चूक जोडप्रश्नांची. एकाच विषयावर अनेकांनी सूचना दिल्या की त्या एकत्र करतात. एका अतारांकित प्रश्नावर चार-पाच नावं असतात आणि तो प्रत्येकाच्या खात्यात एक म्हणून पडतो. टिपणात 'एकट्याने' आणि 'संयुक्त' असे दोन रकाने ठेवा.

तिसरी गोष्ट म्हणजे खासदार मंत्री असतील तर आकड्यांची तुलनाच करू नका. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात.

आता दर्जा. 'सरकारला हवामान बदलाच्या परिणामांची जाणीव आहे का, असल्यास कोणती पावलं उचलली' या साच्यातल्या प्रश्नाला २००८ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यातली आठ अभियानं पुन्हा वाचायला मिळतात, बाकी काही नाही. उपयोगी प्रश्न कसा असतो ते राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमावरून पाहा. तो जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातली १९ शहरं आहेत. आधी २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत धूलिकण २० ते ३० टक्के कमी करायचे होते. पुढे लक्ष्य २०२६ पर्यंत ४० टक्के झालं. नेमका प्रश्न असा: अमुक शहराला वर्षनिहाय किती निधी दिला, किती खर्च झाला, कोणत्या कामावर झाला, सतत मापन करणारी केंद्रं किती, आणि पायाभूत वर्षाच्या तुलनेत पीएम १० ची (हवेतल्या बारीक धूलिकणांची) वार्षिक सरासरी किती? यातला एकही तुकडा 'जाणीव आहे' म्हणून टाळता येत नाही.

तारापूर औद्योगिक वसाहतीचंही तसंच. औद्योगिक क्षेत्रांच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात ते ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत वर होतं. त्यावर 'कृती आराखडा आहे का' असं विचारणं आणि 'आराखड्यातली कोणती कामं मुदतीत झाली नाहीत, का' असं विचारणं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. प्रत्येक प्रश्नाला मी तीन कसोट्या लावते: जागेचं नाव आहे का, आकडा मागितला आहे का, मुदत विचारली आहे का.

घाटमाथा

यादी पुन्हा काढायला घेतली आहे, जलशक्ती आणि कृषीत बरेच प्रश्न निघत आहेत. आणखी एक. वनसंवर्धन कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्ती विधेयकावर खासदारांनी मत कसं दिलं, हे कुठे मिळेल?

पटलावर

मिळणार नाही, कारण नोंदच नाही. ते विधेयक लोकसभेत २६ जुलै २०२३ ला आवाजी मतदानाने, म्हणजे 'हो-नाही'च्या आवाजावरून, मंजूर झालं. कोणी मतविभाजन (मतं प्रत्यक्ष मोजणं) मागितलं आणि ते झालं, तरच नावनिशी नोंद होते. बहुतेक पर्यावरण कायदे आवाजीनेच गेले आहेत. पक्षादेश असला की मतही पक्षाचंच असतं. म्हणून 'विरोधात मत दिलं नाही' असं लिहाल तर ते सिद्ध करता येणार नाही. लिहिता येतं ते एवढंच: चर्चेत बोलले का, दुरुस्तीची सूचना दिली का, समितीत असतील तर असहमतीची टीप जोडली का.

याच विधेयकात हे नीट दिसतं. २९ मार्च २०२३ ला ते मांडलं गेलं आणि या खात्याचं काम नेहमी तपासणाऱ्या संसदेच्या पर्यावरण स्थायी समितीऐवजी ३१ सदस्यांच्या संयुक्त समितीकडे गेलं. त्या वेळी स्थायी समितीचे अध्यक्ष जयराम रमेश होते. त्यांनी यावर उघड हरकत घेतली. संयुक्त समितीने २० जुलैला अहवाल दिला आणि विधेयकात एकही बदल सुचवला नाही, पण विरोधी सदस्यांच्या असहमतीच्या टिपा अहवालाला जोडलेल्या आहेत. २ ऑगस्टला राज्यसभेनेही ते मंजूर केलं. टिपा जरूर वाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या गोदावर्मन निकालाने नोंद नसलेल्या पण शब्दार्थाने जंगल असलेल्या जमिनीला संरक्षण दिलं होतं. त्याचं काय होणार, हा वादाचा गाभा होता. सह्याद्रीतल्या ज्या देवराया कागदावर वन म्हणून लागलेल्या नाहीत, त्यांच्यासाठी हा जीवनमरणाचा मुद्दा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशात तोच शब्दार्थ चालू ठेवायला सांगितलं.

स्थायी समितीचं काम लोक मोजतच नाहीत, आणि माझ्या मते तिथलं एक वर्ष पन्नास अतारांकित प्रश्नांना भारी आहे. 'विज्ञान व तंत्रज्ञान, पर्यावरण, वने आणि हवामान बदल' या समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात, दर वर्षी नव्याने नेमले जातात. बैठका बंद दाराआड होतात, त्यामुळे कोण काय बोललं ते कळत नाही. अहवालाच्या शेवटी इतिवृत्त असतं, त्यात हजर सदस्यांची नावं असतात. तिथून हजेरी काढा. पर्यावरण मंत्रालयाच्या अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या मागण्या बहुधा सभागृहात चर्चेविना एकगठ्ठा मंजूर होतात, म्हणून त्या खर्चाची खरी झडती या समितीच्या अहवालातच सापडते.

खासगी विधेयकांचा आकडा बघून हुरळून जाऊ नका. आजवर अशी १४ विधेयकंच कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. त्यांची किंमत मसुद्यात असते. यंत्रणा, मुदत आणि पैसा यांची कलमं आहेत का पाहा; नुसतं 'प्राधिकरण स्थापन करावं' एवढंच असेल तर एका ओळीत उरकून टाका.

कातळसडा

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. विषय पर्यावरणाचा म्हणजे भूमिका पर्यावरणाच्या बाजूची, असं नसतं. तुमच्या भागात पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मुद्दा हमखास येणार. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन गटाचा २०१३ चा. या क्षेत्राच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा मार्च २०१४ मध्ये निघाला आणि सहावा ३१ जुलै २०२४ ला, वायनाडच्या दरडीच्या दुसऱ्याच दिवशी. सहा राज्यांत मिळून सुमारे ५६,८२५ चौरस किमी. त्यात महाराष्ट्राचं १७,३४० आणि गोव्याचं १,४६१. यावर 'अंतिम अधिसूचना कधी' असं विचारणारा प्रश्न आणि 'आमची गावं यादीतून वगळणार का' असं विचारणारा प्रश्न, दोन्ही यादीत पर्यावरण म्हणूनच मोजले जातात. गावं वगळायची मागणी करणाऱ्यांची कारणं खरी असू शकतात, घर दुरुस्तीपासून शेतीपर्यंतच्या शंका लोकांना आहेत. टिपणात ती मागणी कारणासकट, आहे तशी लिहा. पण रकाना वेगळा ठेवा: काय मागितलं.

शेवटचा रकाना पाठपुराव्याचा. मंत्र्यांचं उत्तर 'माहिती गोळा केली जात असून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल' असं असेल, तर ते आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. त्यावर शासकीय आश्वासन समितीची नजर असते. असं उत्तर मिळाल्यावर खासदारांनी पुढच्या अधिवेशनात तोच धागा पकडला का, ते तारखांवरून लगेच दिसतं.

तक्ता असा आखा: तारीख, प्रश्न क्रमांक, मंत्रालय, प्रकार, एकट्याने की संयुक्त, काय मागितलं, उत्तरात काय मिळालं, पुढे काय केलं. क्रमांक आणि तारीख सोडू नका. दर अधिवेशनात क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतो, म्हणून नुसत्या क्रमांकावरून उत्तर परत सापडत नाही. आणि छापण्याआधी मसुदा खासदारांच्या कार्यालयाला पाठवून आठ दिवस द्या. मंत्र्यांना लिहिलेली पत्रं संकेतस्थळावर नसतात, ती तिथूनच मिळतील.