डॉ. तालिमेरेन आओ यांचंही नाव घ्यायला हवं

कॉलेजच्या मैदानावर गाजलेले खेळाडू खेळ सुटला की विस्मरणात जातात, असं कुणीतरी म्हटलंय. त्यावरून नागा फुटबॉलपटू डॉ. तालिमेरेन आओ आठवले. गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात खेळले, मग कलकत्त्यात डॉक्टरकीचा अभ्यास आणि मोहन बागान क्लबकडून फुटबॉल, दोन्ही एकाच वेळी! (इथं आम्हाला नुसता अभ्यास झेपत नव्हता.) १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते भारताच्या फुटबॉल संघाचे कर्णधार. बरेच खेळाडू अनवाणी. दोन पेनल्टी हुकल्या, फ्रान्सकडून २-१ असे हरलो. एवढं नाव झाल्यावर कलकत्ता कोण सोडतं? पण डॉक्टर होऊन आपल्या माणसांची सेवा कर, ही वडिलांची शेवटची इच्छा. ते परतले आणि पुढे नागालँडचे पहिले आरोग्य संचालक झाले.