मुलाची न हटणारी सर्दी: ॲलर्जी की संसर्ग?

प्रश्न
माझ्या ९ वर्षांच्या मुलाला पावसाळा सुरू झाल्यापासून सर्दीने सोडलेले नाही. सकाळी उठल्याबरोबर शिंकांवर शिंका येतात, नाक पाण्यासारखे गळते आणि तो तळहाताने नाकाचा शेंडा सारखा वर चोळत असतो. ताप मात्र नाही. दर वेळी प्रतिजैविके दिली जातात. आता ॲलर्जीची तपासणी सुचवली आहे. निदान नेमके कशावरून करतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
निदानाचा मोठा भाग आपल्या वर्णनातच आहे. विषाणूंमुळे होणारे पडसे बहुधा घसादुखीने सुरू होते आणि ७ ते १० दिवसांत ओसरते. ॲलर्जीत नाक, डोळे व टाळू यांना खाज सुटते आणि त्रास आठवडेच्या आठवडे चालतो. नाक असे सतत चोळल्याने त्यावर आडवी रेघ उमटते, ती आहे का पाहा. आतील अस्तर फिकट, निळसर व सुजलेले दिसले, तर डॉक्टरांचा संशय बळावतो. शेंबूड पिवळा-हिरवा झाला एवढ्यावरून प्रतिजैविक देणे मला मुळीच पटत नाही, कारण तो रंग साध्या पडशातही येतो. १० दिवस उलटूनही उतार नसणे, किंवा बरे वाटू लागल्यावर पुन्हा ताप येऊन घट्ट स्राव वाढणे, यावरून मात्र सायनसमधील जिवाणूसंसर्गाची शंका घ्यावी.

प्रतिसाद २
माझ्या मुलीची त्वचेवरची चाचणी झाली आहे. हातावर धुळीतील सूक्ष्म कीटक, बुरशी, परागकण इत्यादींच्या अर्काचे थेंब ठेवून सुईने हलकेच टोचतात आणि १५-२० मिनिटांनी उठलेली गांधी मोजतात. ती किमान ३ मिलिमीटर असेल तर चाचणी सकारात्मक धरतात. त्याआधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवाव्या लागतात. रक्ततपासणीला ती अडचण नाही. तरीही चाचणी सकारात्मक आली म्हणजे त्रास त्याच पदार्थाचा, असे होत नाही. लक्षणांशी मेळ बसावा लागतो. म्हणून सरसकट मोठी यादी तपासून घेऊ नका.

प्रतिसाद ३
नाक मोकळे करणारे थेंब चालू आहेत का? ते ५ दिवसांहून अधिक वापरल्यास त्यांच्यामुळेच नाक चोंदते आणि निदानाचा घोळ होतो. रात्री खोकला किंवा छातीत घरघर असेल तर दम्याचीही तपासणी करून घ्या. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर आत काही अडकले असण्याची शक्यता असते. तेव्हा कान-नाक-घसा तज्ज्ञांना लगेच दाखवा.