चारित्र्याची तासिका हवी की नको?

खडूफळा (धागाकर्ता)

शाळेत 'चारित्र्य आणि नागरिकत्व' अशी वेगळी तासिका असावी, तिची परीक्षाही घ्यावी, ही मागणी अधूनमधून डोकं वर काढते. माझा विरोध आहे. परीक्षेला तर आहेच, तासिकेलाही आहे.

अमेरिकेत हार्टशॉर्न आणि मे या संशोधकांनी हजारो मुलांना लबाडी करायची आयती संधी दिली. स्वतःचा पेपर स्वतः तपासा, खेळातले गुण स्वतः नोंदवा, अशा प्रकारची. १९२८ ते १९३० दरम्यान निष्कर्ष छापून आले. 'प्रामाणिक मुलं' आणि 'लबाड मुलं' असे दोन गट काही पडेनात. एके ठिकाणी फसवणारं पोरगं दुसरीकडे सरळ वागायचं. शिवाय चांगलं काय हे ठाऊक असणं आणि तसं वागणं यांचा संबंध फारच क्षीण निघाला. मग 'प्रामाणिकपणाचे फायदे लिहा' यात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्याबद्दल आपल्याला काय कळतं? पाठांतर बरं आहे, एवढंच.

नागरिकत्वाचीही तीच गत. निवडणूक कशी होते हे फळ्यावर शिकवायचं आणि वर्गाचा मॉनिटर मात्र बाईंनी नेमायचा! त्यापेक्षा मुलांना हे अनुभवातून शिकू द्या.

तिसरा बाक

असहमत. गणित शिकूनही माणसं हिशेबात घोळ घालतात, म्हणून गणिताचा तास कुणी बंद करत नाही.

'अनुभवातून शिकू द्या' हे ऐकायला छान वाटतं. पण विद्यार्थी-परिषदेत बोलतं कोण? घरी ज्यांचं मत विचारलं जातं, तीच चार मुलं. बाकीच्यांना तक्रार कशी मांडायची, अर्ज कुणाला द्यायचा, नकार मिळाला तर पुढे काय, हे कुणीतरी बसून शिकवावंच लागतं. इंग्लंडमध्ये शाळांतल्या नागरिकत्व-शिक्षणासाठी नेमलेल्या क्रिक समितीने १९९८ साली हेच मांडलं. सामाजिक-नैतिक जबाबदारी आणि समाजातला सहभाग यांच्या बरोबरीने तिने राजकीय साक्षरताही ठेवली. २००२ पासून तिथल्या माध्यमिक शाळांत हा विषय सक्तीचा झाला. ही साक्षरता आहे, कीर्तन नव्हे.

आडवा प्रश्न

चारित्र्य म्हणजे कोणाच्या मते? जपानमध्ये युद्धापूर्वी नीतिशिक्षणाचा विषय होता. सम्राटनिष्ठा अंगी मुरवायला त्याचा वापर झाला म्हणून १९४५ मध्ये तो थांबवावा लागला. 'आज्ञाधारक' हा शब्द शिक्षकांच्या शेऱ्यात कौतुक म्हणून येतो, तेव्हा मला तरी धडकीच भरते.

खडूफळा

@तिसरा बाक, अर्ज लिहायला शिकवा, जरूर शिकवा. पण त्या अर्जाला शाळेने उत्तर द्यायला नको का? पोलंडमधले डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ यानुश कोर्चाक यांच्या वॉर्सामधल्या अनाथाश्रमात मुलांचं न्यायालय चालायचं. न्यायाधीश मुलंच. मोठ्यांवरही खटला भरता यायचा, खुद्द कोर्चाकही आरोपी म्हणून उभे राहिले. त्या न्यायालयाच्या नियमसंहितेत भर होता माफीवर! माझ्या लेखी नागरिकत्वाचं शिक्षण ते हे.

आणि १९९९ मध्ये २८ देशांतल्या चौदा वर्षांच्या मुलांची मोठी पाहणी झाली होती. ज्या वर्गात मोकळेपणाने मतभेद मांडता येतात, तिथल्या मुलांची नागरिकशास्त्राची समज आणि पुढे मतदान करायची तयारी, दोन्ही अधिक आढळली.

तिसरा बाक

ते मतभेद मांडायला वर्ग लागतो, वेळ लागतो, विषय लागतो. त्यालाच आम्ही तासिका म्हणतो :)

गृहपाठ बाकी

शाळेत शिकवते, म्हणून राहवत नाही. कोर्चाकांना पालकसभा नव्हती हो! वर्गात एखाद्या तापलेल्या विषयावर दोन्ही बाजू मांडायला लावल्या, की संध्याकाळपर्यंत 'तुम्ही मुलांच्या डोक्यात काय भरवताय' असा फोन. मुख्याध्यापक पाठीशी उभे राहणार नसतील, तर कोणताही शिक्षक 'सत्य बोलावे' इथेच थांबेल. तो सुरक्षित धडा आहे.

चारित्र्य घडवण्याचे तयार कार्यक्रम विकत आणून भागत नाही, हेही सांगते. अमेरिकेत असे सात कार्यक्रम नीट तपासले, २०१० मध्ये अहवाल आला. मुलांच्या वागण्यात सरासरीने दखल घ्यावी असा फरक दिसला नाही.

तरी तासिका हवी असं माझं मत आहे. वेळापत्रकात नाव नसलेली गोष्ट परीक्षा जवळ आली की गणित गिळून टाकतं.

खडूफळा

हा मुद्दा पटला. पण गुण नकोत.

तिसरा बाक

गुण नसले तर पालक ढुंकून बघणार नाहीत. जपानने २०१८ पासून प्राथमिक शाळांत नीतिशिक्षण पुन्हा औपचारिक विषय केलं. पुस्तक आहे, पण आकडा नाही, शिक्षक वर्णनात्मक शेरा लिहितात. तसं चालेल?

आडवा प्रश्न

म्हणजे पुन्हा 'आज्ञाधारक'.

खडूफळा

मुलांनाही शाळेवर शेरा लिहू देणार असाल तर चालेल. नाव न घालता, आणि मुख्याध्यापकांनी तो सगळ्यांसमोर वाचायचा.

गृहपाठ बाकी

आमच्या मुख्याध्यापकांना विचारते. तुम्ही तुमच्या मुलांच्या शाळेत विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते इथेच लिहा.