घाटात बंद पडणारी जुनी मारुती ८०० : पेट्रोल नेमके कुठे अडते?

प्रश्न (चाळीसगाव)
माझ्याकडे १९९६ सालची कार्बोरेटरची मारुती ८०० आहे. भडगाव, पाचोरा या सपाट रस्त्यावर ती विनातक्रार चालते. मात्र उन्हाळ्यात कन्नड घाट चढताना इंजिन आचके देऊ लागते, ओढ जाते आणि गाडी बंद पडते. लगेच कितीही सेल्फ मारला तरी उपयोग होत नाही, पण बऱ्याच वेळाने ती आपोआप सुरू होते. कार्बोरेटरचे जेट साफ झाले, प्लगही बदलले. आता मेकॅनिक नवा कार्बोरेटर बसवायला सांगत आहेत. तो खर्च करण्यापूर्वी दोष कसा शोधावा?

उत्तर (धुळे)
कार्बोरेटरला एवढ्यात हात लावू नका. गाडी बंद पडेल त्याच जागी, इंजिन बंद असताना एअर क्लीनरचे झाकण काढा, कार्बोरेटरच्या तोंडापासून चेहरा दूर ठेवा आणि थ्रॉटल हाताने झटक्यात ओढून पाहा. आत पेट्रोलची बारीक धार उडाली, तर फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या कुंडीत) पेट्रोल आहे. मग दोष बहुधा करंटचा आहे, आणि प्लगच्या ठिणगीसाठी करंट देणारी, पण तापल्यावर दगा देणारी इग्निशन कॉइल आधी तपासावी. धार उडाली नाही, तर पेट्रोल वरपर्यंत पोहोचतच नाही. तसे असेल तर टाकीचे झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा सूं असा आवाज येऊन गाडी लगेच सुरू झाली, तर टाकीची हवेची वाट बंद आहे.

उत्तर (अमळनेर)
वरील क्रम योग्य आहे. त्यात उष्णतेचा मुद्दा जोडतो, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. या गाडीचा एसी पंप (म्हणजे इंजिनच्या फिरण्यावर चालणारा पेट्रोलचा पंप, एअर कंडिशनरचा नव्हे) इंजिनवरच बसवलेला असून तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढीच्या बाजूला फिल्टर तुंबलेला किंवा पाइप दबलेला असेल, तर त्या नळीतला दाब घटतो आणि आधीच तापलेल्या पेट्रोलची तिथेच वाफ होते. पंप वाफ ओढत राहतो, कार्बोरेटर कोरडा पडतो आणि इंजिन निवेपर्यंत काही चालत नाही. म्हणूनच नुसते ओले फडके पंपावर ठेवून गाडी सुरू झाली, तरी दोष गेला असे समजू नये. वाफ का झाली, हे शोधायचे राहतेच.

घरी, इंजिन पूर्ण थंड असताना, कॉइलला करंट आणणारी बारीक वायर काढा, म्हणजे ठिणगी पडणार नाही; कार्बोरेटरकडे जाणारा पाइप बाटलीत सोडा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. प्रत्येक ठोक्याला जोरदार पिचकारी यायला हवी. ती क्षीण असेल, तर पंपाचा इनलेट पाइप स्वच्छ पेट्रोलच्या छोट्या कॅनमध्ये बुडवून हीच चाचणी पुन्हा करा : आता धार सुधारली तर दोष पंपाच्या मागे आहे, नाही तर पंपातच आहे. हे काम उघड्या जागी करावे, जवळ अग्निशामक असावा आणि आसपास कोणी विडी पेटवू नये.

प्रश्नकर्ता
घाटात थ्रॉटल ओढूनही धार उडाली नाही आणि झाकण उघडूनही फरक पडला नाही. घरी बाटलीत धार क्षीण आली, कॅनमधून मात्र उत्तम. त्यामुळे टाकीजवळचा रबरी पाइप कापून पाहिला. बाहेरून तो धडधाकट दिसत होता, पण आतला थर फुगून सुटला होता आणि मधले भोक जेमतेम काडी जाईल एवढेच उरले होते. आता फक्त तेवढा तुकडा बदलला तर चालेल का?

उत्तर (अमळनेर)
सगळेच रबरी पाइप बदला. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनवलेले नव्हते. त्यामुळे इथेनॉलला टिकणारेच पाइप मागून घ्या. क्लिपा नव्या लावा, फिल्टरही नवा बसवा. पंपाचा डायफ्रॅमही (आतला लवचिक पडदा) त्याच वयाचा आहे आणि तो फाटला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरते, म्हणून डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहायची पट्टी) काढून ऑइलचा वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वाढली असेल, तर पंप बदलून ऑइल नवे भरेपर्यंत गाडी चालवू नका.