मदत हवी: फिलिंग पुन्हा निघाली, सेल्फ अ‍ॅडेसिव्हच परत भरायचं का?

मनीषनगरकर:
आईची फिलिंग परत निघाली. जेवताना आख्खी बाहेर आली, हातात घेऊन पाहिली तर मागची बाजू एकदम गुळगुळीत. डॉक्टर म्हणाले होते नवीन सेल्फ अ‍ॅडेसिव्ह म्हणजे स्वतःच चिकटणारं मटेरियल आहे, एचिंग (आम्लाने दात खरबरीत करणं) नको, बॉन्डिंग (चिकटवणारा थर) नको, सरळ भरायचं अन् लाइट मारायचा. आता फुकटात तेच परत भरून देतो म्हणतात. भरू का? शनिवारी घरी लग्न आहे, लवकर सांगा.

बर्डीवाला:
कोणता दात, वय किती, रूट कॅनल झालंय का? काहीच लिहिलं नाही, काय सांगणार बावा.

धरमपेठची मावशी:
लवंगेचं तेल कापसावर घेऊन दाबून धरायला सांग आईला. आमच्याकडे सगळे हेच करतात.

दंतवैद्य_विदर्भ:
मावशी, फिलिंग करायची असेल तर लवंगेचं तेल नको. त्यातलं युजेनॉल कॉम्पोझिटला, म्हणजे दाताच्या रंगाच्या फिलिंगला, नीट कडक होऊ देत नाही.

धरमपेठची मावशी:
आमच्या घरी कोणाचं काही बिघडलं नाही.

मनीषनगरकर:
दुखून नाही राहिलं हो मावशी! वय 61, वरच्या सुळ्यामागचा दात, हिरडीजवळ खाच आहे, जोरात ब्रश घासून झालेली. कीड नाही, रूट कॅनल नाही.

खामल्याचा राजू:
चांदी भरा, वडिलांची अजून टिकून आहे.

दंतवैद्य_विदर्भ:
राजूभाऊ, चांदी दाताला चिकटत नाही, ती अडकून बसावी म्हणून चांगला दात कोरावा लागतो. या खाचेत ते कशाला?

धागाकर्ते, खाच म्हटल्यावर उलगडा झाला. या मटेरियलमध्ये आम्लधर्मी मोनोमर (रेझिनचा मूळ घटक) असतो, तोच दाताला धरतो, पण एचिंगचं 37 टक्के फॉस्फरिक अ‍ॅसिड इनॅमल (दाताचं वरचं कवच) जितकं खरबरीत करतं तितकं हे करत नाही, म्हणून इनॅमलवर पकड कमी. आम्लाने इनॅमल खरबरीत करायची रीत बुओनोकोर नावाच्या दंतवैद्याने 1955 मध्ये दाखवली, आजही तिला तोड नाही. त्यात जुन्या खाचेतलं डेंटिन (इनॅमलखालचा थर) पिवळं, चकचकीत अन् कडक झालेलं असतं, त्यावर काहीही धरायला त्रासच. शिवाय पहिला थर अर्धा मिलिमीटरपेक्षा पातळ, ब्रशने 15-20 सेकंद घासून लावायचा असतो, तो घाईत झाला किंवा हिरडीतून ओल आली तर संपलं. मागची बाजू गुळगुळीत म्हणजे दाताशी जोड झालीच नसावी. तेच तसंच भरू नका. खाचेतला वरचा थर बरने (ड्रिलच्या टोकाने) थोडा खरबरीत करून, इनॅमलला एचिंग, मग बॉन्डिंग, मग कॉम्पोझिट असं करा म्हणावं.

कॅम्पवाली_डॉक्टर:
असहमत. हिरडीजवळच्या खाचेला रेझिनवालं ग्लास आयोनोमर (एक प्रकारचं दातांचं सिमेंट) भरा. ते दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक जोड करतं, थोडी ओलही चालवून घेतं. कॅम्पमध्ये मी हेच भरते.

दंतवैद्य_विदर्भ:
टिकतं, मान्य. पण पॉलिश तितकी येत नाही अन् हा दात हसताना दिसतो.

कॅम्पवाली_डॉक्टर:
61 व्या वर्षी टिकणं महत्त्वाचं की पॉलिश?

वरोऱ्याचा:
आमच्याकडे पाण्यात फ्लोराइड, दातांवर डाग आहेत, तिथे पण असंच निघते का?

दंतवैद्य_विदर्भ:
फ्लोरोसिसचं इनॅमल आम्लाला लवकर दाद देत नाही, एचिंग जास्त वेळ करावं लागतं. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

बर्डीवाला:
कुणी इम्प्लांटचा खर्च सांगेल का?

मनीषनगरकर:
लग्नाआधी कोणतं होईल तेवढं सांगा.

कॅम्पवाली_डॉक्टर:
दोन्ही एकाच बैठकीत होतात. ब्रश बदला आधी, मऊ घ्या, अन् आडवा घासू नका म्हणावं आईला, नाहीतर शेजारच्या दाताला पण खाच पडेल.

मनीषनगरकर:
उद्या सकाळी मेडिकलच्या डेंटल कॉलेजला नेतो, निघालेली फिलिंग पण सोबत घेतो.